ॲरे पडला, सर्व्हर कोसळला: आधी वाचायचं, मग लिहायचं

डिस्क ॲरे (एकत्र जोडून एकच म्हणून वापरलेल्या अनेक डिस्क) बिघडून सर्व्हर बंद पडतो, तेव्हा डेटा बहुतेक वेळा डिस्कवर जिथल्या तिथे असतो. तो जातो नंतर. कोणीतरी घाईघाईने रिबिल्ड (गेलेल्या डिस्कवरचा डेटा नव्या डिस्कवर पुन्हा उभा करणं) सुरू करतं, चुकीची डिस्क उपसून काढतं, 'इनिशियलाइझ करू का?' या प्रश्नाला हो म्हणतं, नाहीतर चुकीच्या जुळलेल्या ॲरेवर फाइलसिस्टिमची (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी सांभाळणाऱ्या रचनेची) दुरुस्ती चालवतं. या सगळ्या कृती डिस्कवर लिहितात, आणि एकदा लिहिलं की मागे फिरता येत नाही. म्हणून या कामात प्रत्येक पायरीआधी एकच विचारायचं: ही कमांड नुसती वाचते की लिहितेही? वाचणारी असेल तर खुशाल चालवा. लिहिणारी असेल तर मूळ डिस्कवर चालवायची नाही, मग कितीही घाई असो.

पॅरिटी कशी काम करते

अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून एक भरवशाची डिस्क बनवायची, ही कल्पना पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी बर्कलीत १९८८ साली मांडली, आणि तिला 'रेड' हे नाव मिळालं. रेड-१ म्हणजे आरसा, दोन डिस्कवर तोच डेटा. रेड-५ मध्ये डेटाचे तुकडे सगळ्या डिस्कवर पसरलेले असतात आणि प्रत्येक ओळीत एक तुकडा पॅरिटीचा असतो. समजा पहिल्या डिस्कवर १०११ आहे आणि दुसरीवर ०११०. दोन्हीकडचा बिट सारखा असेल तिथे ० आणि वेगळा असेल तिथे १ लिहिला की पॅरिटी येते ११०१. आता दुसरी डिस्क गेली, तर १०११ आणि ११०१ यांच्यावर तोच हिशेब करा, ०११० परत मिळतं. जादू एवढीच. तिची मर्यादाही यातच दिसते: दोन डिस्क गेल्या की समीकरण सुटत नाही. रेड-६ मध्ये दोन वेगळ्या पॅरिटी असल्याने दोन डिस्क गेलेल्या चालतात. रेड-१० मध्ये दोन गेल्या तर चालेल की नाही, हे त्या एकाच जोडीतल्या आहेत की वेगवेगळ्या जोड्यांतल्या, यावर ठरतं.

ज्या ॲरेतून सोसता येतील तेवढ्या डिस्क गेल्या आहेत, पण जो अजून चालतो आहे, त्याला 'डिग्रेडेड' म्हणतात. तुमचा सर्व्हर याच अवस्थेत असेल आणि अजून सुरू असेल, तर नवीन डिस्क घालण्याआधी सगळ्यात महत्त्वाचा डेटा दुसऱ्या मशीनवर कॉपी करून घ्या. रिबिल्ड करताना उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कोपरान् कोपरा वाचावा लागतो. ८ टीबीच्या चार डिस्कच्या रेड-५ मध्ये ते वाचन २४ टीबी होतं. घरगुती वापराच्या अनेक हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या सेक्टरचं (डिस्कवरच्या सर्वात लहान कप्प्याचं) प्रमाण १ वर १४ शून्ये इतक्या बिटांमागे एक असं दिलेलं असतं, म्हणजे साधारण १२.५ टीबीमागे एक. हा आकडा कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा त्याहून बऱ्या निघतात, तेव्हा 'रेड-५ चं रिबिल्ड होणारच नाही' असं म्हणणाऱ्यांवर फार विसंबू नका. पण जो डेटा परत मिळणार नाही, त्याच्यासाठी हा जुगार कशाला? कॉपी आधी, रिबिल्ड नंतर.

सर्व्हर नेमका कोसळतो कशाने

ॲरे पडला म्हणजे मशीन लगेच बंद होतं असं नाही. आधी वाचन-लेखनाच्या विनंत्या अडकतात. त्यांची वाट पाहणाऱ्या प्रक्रिया 'डी' अवस्थेत जातात, म्हणजे त्या मारताही येत नाहीत. सीपीयू रिकामा असतो, पण लोड ॲव्हरेज शेकड्यांत जातं. मग जर्नलवर (बदलांच्या आगाऊ नोंदवहीवर) लिहिता आलं नाही म्हणून फाइलसिस्टिम स्वतःला रीड-ओन्ली करते किंवा बंद पडते. डेटाबेस, मेल, लॉग सगळे एकेक करून आडवे होतात. स्वॅपही (मेमरी अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) त्याच ॲरेवर असेल तर मेमरीची तिकडे ठेवलेली पानं परत आणता येत नाहीत, आणि चांगल्या चाललेल्या प्रक्रियाही मरतात.

पंचाईत अशी की हे सगळं ज्या लॉगमध्ये नोंदलं जायला हवं, तो लॉगही त्याच ॲरेवर असतो. त्यामुळे शेवटची, सर्वात मोलाची दहा मिनिटं तिथे सापडत नाहीत. ती दुसरीकडे शोधावी लागतात: स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा फोटो, मदरबोर्डवरच्या बीएमसीचा, म्हणजे सर्व्हरवर स्वतंत्रपणे नजर ठेवणाऱ्या चिपचा, इव्हेंट लॉग (आयपीएमआयटूल या कमांडने 'सेल लिस्ट' मागवला की मिळतो), रेड कंट्रोलरची (ॲरे सांभाळणाऱ्या कार्डाची) स्वतःची नोंदवही, आणि लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवण्याची सोय असेल तर तिथली नोंद. रीबूटचं बटण दाबण्याआधी फोटो काढाच. पुन्हा पुन्हा रीबूट करून बघण्याची सवय इथे महागात पडते, कारण मरायला टेकलेली डिस्क प्रत्येक वेळी थांबून पुन्हा फिरायला लागताना आणखी बिघडू शकते, आणि बूट होताना सिस्टिम आपणहून ॲरे जोडून त्यावर लिहायला लागू शकते. म्हणून पुन्हा सुरू करायचंच तर यूएसबीवरच्या रेस्क्यू सिस्टिममधून, आणि ॲरे आपोआप जोडण्याची सोय बंद करून.

डिस्क मेली की केबल?

एकाच क्षणी तीन-चार डिस्क गायब झाल्या असतील, तर डिस्कवर संशय घेण्याआधी त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघा: बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात तो बोर्ड), सॅस केबल, पॉवर सप्लाय, कंट्रोलर. चार डिस्क एकाच सेकंदाला आपापल्या मरणाने मेल्या, हे फार क्वचित होतं. मात्र क्वचित म्हणजे कधीच नाही असं नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं होतं की, त्यांच्या काही सॅस एसएसडी फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) चुकीमुळे ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. एकाच दिवशी बसवलेल्या अशा सगळ्या डिस्क एकाच वेळी गेल्या असत्या आणि कुठल्याही पॅरिटीने त्या वाचल्या नसत्या. तेव्हा डिस्क किती तास चालल्या आहेत, हा आकडाही बघून ठेवा.

डिस्कची चौकशी तिची आरोग्य-नोंद दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडने करायची. साटा हार्ड डिस्कमध्ये चार ओळी सर्वात बोलक्या असतात. ५ क्रमांकाची ओळ सांगते की किती सेक्टर बाद करून त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरले गेले. १९७ म्हणजे वाचता न आल्याने निकाल प्रलंबित असलेले सेक्टर, आणि १९८ म्हणजे डिस्कने स्वतः तपासताना न सुधारता आलेले. या वाढत असतील तर डिस्कचाच पृष्ठभाग खराब आहे. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कमध्ये नाही. तो आकडा डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेल्या डेटाचा आहे, तेव्हा केबल आणि जोडणी बदलून बघा. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही, त्यामुळे आजचा लिहून ठेवायचा आणि उद्या वाढला का एवढंच बघायचं.

आणखी एक प्रकार असतो: डिस्क धडधाकट, केबलही ठीक, तरी ॲरेबाहेर फेकलेली. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर लागला की तो वाचायचा कितीतरी वेळ, कधीकधी मिनिटभराहूनही जास्त, हट्टाने प्रयत्न करत बसते. लिनक्स मात्र ठरल्याप्रमाणे ३० सेकंद थांबतो आणि जोडणी रीसेट करतो. डिस्क उत्तर देत नाही, ॲरे तिला मेलेली समजतो आणि बाहेर काढतो. एका खराब सेक्टरपायी ८ टीबीची डिस्क गेली! ॲरेसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात आणि 'हा सेक्टर मिळाला नाही' असं कळवतात. मग तो तुकडा पॅरिटीतून काढून त्या जागी पुन्हा लिहिला जातो. तुमच्या डिस्कला ही मर्यादा घालता येत असेल तर स्मार्टसीटीएलच्या 'एससीटीईआरसी' पर्यायाला ७०,७० द्या (आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात). बऱ्याच डिस्कमध्ये वीज गेली की ही मर्यादा विसरली जाते, म्हणून ती प्रत्येक बूटला लावायची. डिस्कमध्ये ही सोयच नसेल तर उलट करायचं, कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) त्या डिस्कसाठीची मुदत ३० वरून १८० सेकंदांवर न्यायची.

डिस्क बाहेर काढायची तर अनुक्रमांक बघूनच. कर्नलने दिलेली एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलतात. प्रत्येक डिस्कवर खाचेचा क्रमांक आणि अनुक्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, मगच ती हलवा.

कोणती डिस्क शिळी आहे

लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. प्रत्येक डिस्कवर एक सुपरब्लॉक असतो. त्यात ॲरेची ओळख, त्या डिस्कची जागा, शेवटच्या बदलाची वेळ आणि 'इव्हेंट्स' नावाचा एक आकडा असतो. ॲरे सुरू होणं, बंद होणं, डिस्क निघणं अशा प्रत्येक नोंदीला हा आकडा वाढतो. लिनक्सचा रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम कमांडच्या 'एक्झामिन' पर्यायाने तो वाचता येतो, आणि ही कमांड फक्त वाचणारी आहे. तिचं सगळ्या डिस्कचं उत्तर एका फाइलमध्ये साठवून दुसऱ्या मशीनवर ठेवा. पुढे काही बिनसलं तर क्रम, चंक साइज (एका तुकड्याचा आकार) आणि डेटा कुठून सुरू होतो हे सांगणारा कागद हाच.

समजा चार डिस्कच्या रेड-५ मध्ये हे आकडे दिसले: ४८२१०, ४८२१०, ४८२०७ आणि ३१९९२. गोष्ट सरळ वाचता येते. चौथी डिस्क फार पूर्वी बाहेर पडली, सूचनेचा मेल कोणी वाचला नाही, ॲरे तेव्हापासून तीन पायांवर चालला. आज तिसरी सटकली आणि सगळं कोसळलं. तिसरी फक्त तीन नोंदी मागे आहे, म्हणजे तिच्यावरचा डेटा जवळजवळ ताजा आहे. पहिल्या तीन डिस्क 'असेंबल' आणि 'फोर्स' वापरून जोडल्या की ॲरे बहुधा उभा राहतो. अगदी शेवटी लिहिल्या जात असलेल्या काही फाइली तेवढ्या संशयाच्या.

चौथीला मात्र हात लावायचा नाही. तिच्यावर जुना डेटा आहे, पॅरिटीही जुनी. ती घेऊन ॲरे जबरदस्तीने उभा केलात तर नवीन आणि जुन्या तुकड्यांची खिचडी होते, आणि गंमत म्हणजे ॲरे वरवर अगदी छान चाललेला दिसतो. इथे फसवणारी आणखी एक खूण आहे. सगळ्यात आधी बाहेर पडलेल्या डिस्कच्या सुपरब्लॉकवर विचारलंत तर ती म्हणते, चारही डिस्क ठणठणीत आहेत. तिला पुढचं काही कळलेलंच नसतं. जी डिस्क सगळं आलबेल सांगते, तीच सर्वांत शिळी.

'क्रिएट' ही कमांड या घडीला विसरून जा. जुन्याच डिस्क घेऊन ॲरे पुन्हा 'क्रिएट' करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण 'क्रिएट' जुने सुपरब्लॉक पुसते. एमडीएडीएमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या डेटा सुरू होण्याची जागा वेगवेगळी धरतात, डिस्कचा क्रम चुकू शकतो, आणि पॅरिटी नव्याने मोजायला सुरुवात झाली की चुकीच्या क्रमाने मोजलेली पॅरिटी तुमच्या डेटावरच लिहिली जाते.

नक्कल आणि वरचा थर

फोर्स हीसुद्धा लिहिणारी कमांड आहे. मग मूळ डिस्कवर लिहायचं नाही हा नियम पाळायचा कसा? दोन उपाय आहेत, आणि शक्य असेल तिथे दोन्ही करावेत.

पहिला, नक्कल. ज्या डिस्कवर वाचनदोष आहेत तिची जीएनयू डीडीरेस्क्यूने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर प्रत घ्या. पहिल्या फेरीत अवघड जागा सोडून द्यायच्या ('एन' पर्याय), म्हणजे डिस्क मरायच्या आत बहुतांश डेटा हाती लागतो. दुसऱ्या फेरीत कर्नलचा कॅश, म्हणजे तात्पुरता साठा, टाळून ('डी') राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न ('आर' ३). प्रगतीची मॅपफाइल तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. तिच्याशिवाय काम मध्ये तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. या फाइलचा दुसरा उपयोग फार कमी लोकांच्या लक्षात येतो. जे सेक्टर वाचता आले नाहीत तिथे नकलेवर शून्य किंवा जुना कचरा असतो, आणि नक्कल तो बिनतक्रार वाचून देते. मूळ डिस्क निदान 'वाचता येत नाही' असं प्रामाणिकपणे सांगत होती. नक्कल ते लपवते, आणि कुठे लपवलंय हे फक्त मॅपफाइललाच ठाऊक असतं. मूळ आणि नक्कल एकाच वेळी जोडून ॲरे उभा करू नका, दोघींची ओळख एकच असते.

दुसरा उपाय, ओव्हरले. प्रत्येक डिस्कसाठी एक विरळ फाइल (लिहिलं जाईल तेवढीच जागा घेणारी) बनवायची, तिला लूप डिव्हाइस करायचं (म्हणजे ती डिस्कसारखी दिसते) आणि डीएमसेटअप कमांडने डिस्कवर स्नॅपशॉटचा थर चढवायचा. वाचन मूळ डिस्कवरून होतं, लेखन सगळं त्या फाइलमध्ये जातं. एमडीएडीएमला मूळ डिस्क न दाखवता हे थर दाखवायचे. प्रयोग फसला तर ॲरे थांबवा, फाइली उडवा, पुन्हा सुरू करा. ॲरे जोडून नुसता वाचायला काही जीबी पुरतात, पण फाइलसिस्टिमची दुरुस्ती खूप लिहू शकते, म्हणून जागा सढळ ठेवा. फाइल भरली की तो स्नॅपशॉट निकामी होतो.

हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणे, उघडून बघणे हे सल्ले कोणी दिले तर ऐकू नका. डिस्क खटखट आवाज करत असेल तर तिचा वीजपुरवठा तोडा आणि क्लीनरूम असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडे द्या.

हार्डवेअर कंट्रोलर असेल तर

ॲरेची रचना बहुतेक कंट्रोलर डिस्कवरही लिहून ठेवतात. त्यामुळे कंट्रोलर मेला तर त्याच घराण्यातला दुसरा लावला की तो 'फॉरेन कॉन्फिगरेशन' सापडलं असं सांगतो आणि दोन पर्याय देतो, इम्पोर्ट आणि क्लिअर. क्लिअर ही रचना पुसते. इम्पोर्टआधी पूर्वदृश्य बघा. एखादी शिळी डिस्कही त्या यादीत डोकावत असेल तर ती आधी बाहेर ओढा.

कंट्रोलरच्या कॅशचं भान ठेवा. ॲरे पडला तेव्हा डिस्कवर न गेलेला डेटा कॅशमध्ये अडकलेला असू शकतो. कंट्रोलर तो 'प्रिझर्व्ह्ड' किंवा 'पिन्ड' कॅश म्हणून दाखवतो आणि टाकून देऊ का विचारतो. डिस्क परत जोडून ॲरे उभा राहायची शक्यता असेपर्यंत नकार द्या. हा कॅश बॅटरीवर जगत असेल तर ती दोन-तीन दिवस पुरते, तेव्हा 'सोमवारी बघू' म्हणून वीज बंद करून जाऊ नका. नव्या कंट्रोलरमध्ये कपॅसिटरच्या जोरावर कॅश फ्लॅशमध्ये उतरवला जातो, तिथे ही घाई नसते.

ॲरे उभा राहिला, फाइली दिसतात का?

माउंट करताना (फाइलसिस्टिम वापरासाठी जोडताना) नुसतं रीड-ओन्ली म्हणणं पुरत नाही. जर्नल अर्धवट असेल तर रीड-ओन्ली माउंटही ते पूर्ण करण्यासाठी लिहितं. ईएक्सटी४ फाइलसिस्टिमला 'नोलोड' आणि एक्सएफएसला 'नोरिकव्हरी' जोडीला द्या. तपासणीही आधी कोरडी, म्हणजे काही न लिहिता: ई२एफएससीके किंवा एक्सएफएस_रिपेअर, दोन्हींना 'एन' पर्याय. पाच-पन्नास चुका दिसल्या तर हरकत नाही. हजारोंच्या संख्येने ओळी धावायला लागल्या तर फाइलसिस्टिम बिघडलेली नसून ॲरेच चुकीचा जुळला आहे असं समजा, आणि मागे जा. अशा वेळी दुरुस्ती चालवणं म्हणजे चुकीच्या क्रमाने शिवलेल्या पुस्तकातली वाक्यं खोडून नवीन लिहिण्यासारखं आहे.

क्रम बरोबर आहे का हे छोट्या फाइली उघडून कळत नाही. एमडीएडीएमचा नेहमीचा चंक ५१२ केबी असतो. त्याहून लहान फाइल बहुधा एकाच डिस्कवर मावते आणि क्रम चुकला तरी धड उघडते. काही शे एमबीचा व्हिडिओ किंवा कॉम्प्रेस केलेली फाइल घ्या, कॉम्प्रेस फाइलची तपासणी शेवटपर्यंत चालवा. ती निर्दोष निघाली तर विश्वास ठेवा आणि लगेच सगळा डेटा बाहेर कॉपी करा.

एक्सएफएस_रिपेअरचा कॅपिटल 'एल' पर्याय जर्नल फेकून देतो, तो शेवटचा उपाय. डेटाबेससाठीही तेच: मायएसक्यूएलच्या इनोडीबीचं फोर्स रिकव्हरी १ पासून एकेक पायरी वाढवायचं, आणि ४ किंवा वर गेलात तर डेटा कायमचा बिघडू शकतो, म्हणून ते फक्त नकलेवर करून डेटा डंप करून घ्यायचा.

रिबिल्ड आणि त्यानंतर

कॉपी हातात आली की मगच नवी डिस्क. ती जुनीपेक्षा एका सेक्टरनेही लहान चालत नाही, आणि शिंगल्ड प्रकारची (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) नको. सलग लेखन लांबलं की अशा डिस्कचा वेग घसरतो आणि त्या मध्येच ॲरेबाहेर जाऊ शकतात. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी वेगाने भरायला जवळपास १५ तास लागतात, तेही सर्व्हरवर दुसरं काम नसेल तर. वेग फारच कमी वाटला तर कर्नलची रिबिल्डची किमान गती बघा, ती मुळात सेकंदाला अवघी १,००० केबी असते.

सर्व्हर तरीही बूट होत नसेल तर बऱ्याचदा कारण साधं निघतं. बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) फक्त मेलेल्या डिस्कवर होता. यूईएफआयची (मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरची) बूट विभागणी ॲरेत आपोआप येत नाही, ती प्रत्येक डिस्कवर वेगळी ठेवावी लागते. डेटाचा ॲरे न मिळाल्यामुळे बूट अडू नये असं वाटत असेल तर एफएसटॅब या फाइलमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्याची यादी) त्या ओळीला 'नोफेल' द्या.

मग तो न वाचलेला मेल. एमडीएडीएमच्या मॉनिटरला 'टेस्ट' आणि 'वनशॉट' देऊन चाचणीचा मेल पाठवा, आणि तो माणसाच्या डोळ्यांसमोर पोहोचतो का बघा. महिन्यातून एकदा ॲरेची पूर्ण तपासणी लावा, म्हणजे कोपऱ्यातले खराब सेक्टर रिबिल्डच्या आधीच सापडतील.

आणि त्या काढलेल्या जुन्या डिस्क लगेच पुसू नका, दुसरीकडे वापरूही नका. शिळ्या डिस्कवर 'शिळी' असं लिहून त्या सगळ्या एका खोक्यात ठेवा. नवीन ॲरेचा किमान दोनदा पूर्ण बॅकअप होऊन त्यातला एक दुसऱ्या मशीनवर प्रत्यक्ष उघडून बघेपर्यंत ते खोकं तसंच राहू द्या.